डबीवर नसलेला श्लोक

ज्याच्या एका पांढऱ्या किरणात सगळे रंग निजलेले असतात त्या सूर्यनारायणाला, आणि जिच्या कृपेने जीभ बोलती होते त्या शारदेला नमस्कार करून मी हे लिहावयास बसलो आहे. आज खंडेनवमी. आमच्या बेंगळुरूत हिला आयुधपूजा म्हणतात. सकाळपासून गल्लीतल्या रिक्षांना झेंडूच्या माळा चढल्या आहेत आणि रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फुटत आहेत. आमच्या देवघरात पाटावर विळी, कात्री, सुनेचे सोल्डरिंग आयर्न आणि तळहातात मावेल अशी एक काळी डबी मांडली आहे. दर्शनाला आलेल्या एका सद्गृहस्थांनी ती डबी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "शास्त्रीजी, हिच्यावर म्हणे संस्कृत श्लोक होता. तुम्हीच काढायला लावलात?"

होय, मीच. हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. काहींनी कुतूहलाने, काहींनी मी धर्माचा अपराध केला आहे अशा स्वरात. त्या सर्वांना आज एकदाच लेखी उत्तर देतो. ते कोणाला कडू लागले तर लागो.

आमचे घराणे बेळगावकडचे. तारुण्यात पाठशाळेतल्या नोकरीसाठी मी या शहरात आलो आणि काव्य व व्याकरण शिकवत इथलाच झालो. सूनबाई पुण्याची. तिचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत ती कामाला होती. कंपनीने तिचा विभागच बंद केला, तेव्हा दुसरी नोकरी शोधण्याऐवजी तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर तारा, दिवे आणि चिमटे पसरले. मुलगा कामानिमित्त परदेशी. माझी पत्नी तेवढे म्हणाली, "बरं झालं. आता आपण ताट मांडीवर घेऊन जेवू."

पत्नीच्या लग्नातल्या रेशमी साडीचा रंग उतरला होता. ती पुन्हा रंगवून घेण्यासाठी मी आणि सूनबाई चिकपेटेच्या मागच्या एका बोळात गेलो. तिथला रंगारी माझ्याच वयाचा. त्याची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कन्नडमध्ये भिजलेली; 'जी'ला तो 'गळे' म्हणे आणि 'थोडं'ला 'स्वल्प'. त्याने चुलीवरच्या तपेल्यातल्या पाण्यात आम्लाची बारीक धार सोडली, काठीने ढवळले, बोटावर एक थेंब घेऊन फुंकर मारली, तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बाजूला थुंकला.

"स्वल्प कमी आहे," तो म्हणाला आणि आणखी धार सोडली.

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. "काका, हे तुम्ही रोज करता?"

"रोज कुठं अम्मा? दर तपेल्याला करतो."

त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. तिच्यावर पांढऱ्या भेगा होत्या, कडेला एक व्रण. डॉक्टरांनी बजावले होते की यापुढे एक थेंबही चालणार नाही. जेवण तर कधीच बेचव झाले होते. दहीभाताखेरीज काही सोसत नव्हते.

"मग आंबटपणाचा मापक का नाही घेत? मिळतात की," ती म्हणाली.

"घेतलेला. काचेच्या नळीचा. चार दिवस जगला. जीभ खाली पडून फुटत नाही बघा." तो हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "आम्ल कमी पडलं तर रेशीम रंग धरत नाही. जास्त झालं तर पट्टे उठतात. साडी लोकांच्या लग्नातली असते, शास्त्रीगळे, ती पुन्हा कुठनं आणू? या बोळात आता चार भट्ट्या आहेत. माझी जीभ गेली की तीन."

रिक्षात सूनबाई म्हणाली, "अण्णा, जिभेचं काम डोळ्याला देता येईल. आणि डोळ्याचं यंत्राला. आंबटपणानं रंग बदलणारी एखादी वस्तू हवी, स्वस्त, रोज मिळणारी."

मी म्हणालो, "गोकर्ण." आमच्या गच्चीवर गोकर्णाचा वेल आहे. त्याची निळी फुले मी आयुष्यभर देवाला वाहत आलो. तामणात दही किंवा मध लागला की त्यांच्या पाकळ्यांच्या कडा जांभळ्या होतात, हे मी हजारदा पाहिले होते. हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले. माझे हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते मी स्वतः ध्यानात ठेवले नाही.

यंत्र म्हणावे तर काहीच नाही. उदबत्तीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून काळा रंग दिला. एका बाजूला दोन चिमुकले दिवे, एक हिरवा, एक नारिंगी. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा डाळीएवढा तुकडा. मध्ये फट. गोकर्णाच्या रसात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी पाण्यात ओली करावयाची आणि फटीत घालावयाची. पट्टी निळी असेल तर ती एक प्रकाश अडवते, लालसर झाली तर दुसरा. दोन्ही प्रकाशांतले कमीजास्त पाहून आंबटपणाचा आकडा निघतो. सातच्या खाली आम्ल, वर क्षार. रंगाऱ्याला साडेचारच्या आसपास हवे. एवढेच. बाजारातले यंत्र काचेवर आणि देखभालीवर अवलंबून, हे फुलावर आणि उजेडावर. रंगाऱ्याने ते चुलीजवळ आपटले तरी पुठ्ठाच चेपला असता.

आता माझी चूक सांगतो. देवाला वाहिल्यावाचून आमच्या वेलाचे फूल कोणी वापरावयाचे नाही, हा माझा नियम. सूनबाईने तो निमूटपणे मानला. पंचामृतस्नानानंतर देवाची जी पहिली पूजा होते, तिची फुले अभिषेकापूर्वी उतरवावी लागतात. ती ताजी असतात, म्हणून तीच मी तिच्या वाटीत घालीत असे.

पट्ट्या चुकू लागल्या. साध्या पाण्याला त्या आंबट म्हणत. तिने खोक्याचे कोपरे चिकटपट्टीने बंद केले, कारण उजेड आत येत असेल. कागद बदलला. दिवे बदलले. आकडे ज्या द्रावणांशी ताडून पाहावयाचे ती द्रावणेही नव्याने केली. दोन आठवडे गेले. एकदा ती टेबलावर डोके ठेवून बसलेली पाहिली आणि मी तिला धीर धरण्याविषयी पंधरा मिनिटे उपदेश केला.

मग आमचे एक भाऊबंद वारले. दहा दिवसांचे सुतक आले. पूजा बंद, म्हणून फुले सरळ वेलावरून तिच्या वाटीत. आणि पट्ट्या बरोबर येऊ लागल्या! घरात सुतक आणि सूनबाईच्या चेहऱ्यावर आनंद, तो लपवता लपवता तिची पुरेवाट झाली. सुतक फिटले, मी स्नान करून पूजेला बसलो, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा बिघडल्या.

ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. "अण्णा, रागावणार नाही ना?"

"बोल."

"पंचामृत."

मी तामणाकडे पाहिले. दही, मध, साखर. त्यात भिजलेली फुले, जांभळ्या कडांची. आतून पत्नीचा आवाज आला, "अगं, ते सांगत होते ना आयुष्यभर पाहिलंय म्हणून? पाहिलं असेल, दिसलं नसेल."

मी रागावलो नाही. नियमही मोडला नाही. त्या दिवसापासून पहाटे वेलापाशी उभे राहून, फुले वेलावर असतानाच, सगळा वेल देवाला अर्पण करतो. मग ती तोडून सुनेला देतो. माझी चूक झाली हे मात्र मी जो भेटेल त्याला सांगितले. चूक लपवली असती तर ती मापकात शिरली असती आणि रंगाऱ्याच्या तपेल्यात उतरली असती.

पुढे वर्ष-दीड वर्षाच्या खटपटीनंतर खोक्याच्या जागी प्लॅस्टिकची काळी डबी आली आणि आम्ही ती घेऊन बोळात गेलो. रंगाऱ्याने पाणी केले. डबीने चार पूर्णांक सहा दाखवले. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "शेवटचं एकदा," आणि आम्ही अडवण्याच्या आत थेंब जिभेवर ठेवला. डोळे मिटले. "सरी, बरोबर," तो म्हणाला. "तेवढंच आहे. आता माझ्या जिभेनं काय करायचं?"

आमच्या पिढीतल्या संस्कृत शिकलेल्यांना एक खोड असते. कोणाकडे बारसे झाले, कोणाची बदली झाली, दुधाची पिशवी फुटली, की अनुष्टुभ तयार. मी तिथेच वाफेत उभा राहून म्हणालो:

अम्ले रक्तं जले नीलं क्षारे हरितवर्णकम् ।
पुष्पं वदति सत्यं ते जिह्वे मौनं समाचर ॥

आम्लात लाल, पाण्यात निळे, क्षारात हिरवे होणारे हे फूल तुला खरे सांगते आहे. जिभे, तू आता मौन धर. रंगारी खूष झाला. त्याने माझ्याकडून तो श्लोक भिंतीवर खडूने लिहून घेतला. सूनबाईने डबीच्या झाकणावर पांढऱ्या शाईने उतरवला. त्याखाली मी माझे नाव घातले नाही. देवापुढची रचना बिननावाची असावी, हे आमच्या गुरुजींचे वळण. अशा वळणाची माणसेच अशी चूक करू शकतात, कारण बिननावाचा संस्कृत श्लोक दिसला की आजच्या जगाला तो आपोआप प्राचीन वाटतो.

सूनबाईच्या जुन्या ओळखीतला एक तरुण उद्योजक घरी आला. असल्या डब्या शेकड्यांनी करण्याची त्याची तयारी होती. चिकपेटच काय, जिथे जिथे रेशीम रंगते तिथे त्या पोहोचवू, असे तो म्हणाला. त्याने झाकण वाचले, म्हणजे मला वाचावयास लावले, आणि उडालाच.

"अंकल, हे तर ब्रिलियंट आहे! एवढ्या हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे हे माहीत होतं!"

"तीन आठवड्यांपूर्वी," मी म्हणालो.

तो खो खो हसला. "कुठल्या ग्रंथातला आहे?"

"कुठल्याच नाही. माझा आहे."

त्याने ते कानाआड केले. नमुना म्हणून तो आमची एकुलती एक डबी घेऊन गेला. महिन्याभराने छापील वेष्टन आले. त्यावर दाढीवाल्या ऋषींचे चित्र, माझा श्लोक, आणि खाली: प्राचीन ऋषींनी सांगितलेली आम्लपरीक्षा. मी फोन केला.

"अंकल, लोकांना स्टोरी लागते," तो म्हणाला. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणतच नाहीये. तुम्ही फक्त गप्प बसा."

हा सल्ला मला आजवर पुष्कळांनी दिला आहे, आणि मी तो एकदाही मानलेला नाही.

घरी वाद झाला. सूनबाई म्हणाली, "अण्णा, डबी त्याच्याकडे आहे. काका परत जिभेवर थेंब ठेवतायत, मी काल पाहून आले. त्यांच्यासाठी, चारी भट्ट्यांसाठी डब्या निघणार आहेत. एक ओळ छापली म्हणून कोणाचं काय जाणार आहे?"

"उद्या कोणी विचारील, कोणता ग्रंथ, कोणता अध्याय? ग्रंथ निघाला नाही की म्हणतील, श्लोक खोटा, म्हणजे डबीही खोटी. मग तुझे काका जिभेवरच थेंब ठेवतील."

"आणि डबी निघालीच नाही, तर काय वेगळं करतील?"

पत्नी म्हणाली, "दोघंही खरं बोलताय, म्हणून भांडण मिटत नाहीये. जेवा."

प्रात्यक्षिक इंदिरानगरमधल्या एका सभागृहात होते. रेशमाचे व्यापारी आले होते, आमचा रंगारी धुतलेला पांढरा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. व्यासपीठावर उद्योजकाने श्लोक वाचला, अशुद्ध, आणि तो ऋषींच्या नावावर सांगितला. टाळ्या पडल्या. मी काठी टेकून उभा राहिलो.

"हा श्लोक माझा आहे," मी म्हणालो. "मी ऋषी नाही. मधुमेह असलेला निवृत्त शिक्षक आहे."

लोक हसले. उद्योजकही हसला. "आमचे अंकल फार विनम्र आहेत."

"विनम्र नाही, कर्ता आहे. मूळ प्रत पाहावयाची असेल तर चिकपेटेच्या बोळात भिंतीवर खडूने लिहिलेली आहे. पावसाच्या ओलीने दोन अक्षरे गेली असतील." आता कोणी हसले नाही. "मी रोज ऋषितर्पण करतो. ज्यांना पाणी देतो त्यांच्या तोंडी माझे शब्द घालणार नाही. त्यांनी जे सांगितले तेवढे मला एका जन्मात वाचून झालेले नाही. त्यात माझी भर घालून त्यांचा मोठेपणा वाढेल असे ज्याला वाटते, त्याला ते मुळातच लहान वाटत असले पाहिजेत. या डबीच्या मागे एका बाईची दोन वर्षांची मेहनत आहे. ती ऋषींना देऊ नका. ऋषीही घेणार नाहीत."

मी बसलो. सूनबाई व्यासपीठावर गेली आणि तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. ती कोणाच्या बाजूने बोलणार हे मला खरोखर ठाऊक नव्हते.

"ही डबी दोन आठवडे चुकत होती," ती म्हणाली, "कारण आमच्या अण्णांच्या देवानं फुलांना पंचामृत लावलं होतं." मग तिने सुतकाची हकीकत सांगितली, सगळी, माझ्या उपदेशासकट. सभागृह हसून लोटपोट झाले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आजही पट्टी जुनी झाली की चुकते. उन्हात फिकी पडते. रंग टाकण्याआधीचं पाणीच मोजता येतं, नंतरचं नाही. एवढं कळलं असेल तर वापरा."

उद्योजकाने घड्याळ पाहिले. तेव्हा दुसऱ्या रांगेतून रंगारी उठला.

"शास्त्रीगळे, श्लोक कुणाचा का असेना. पाणी मोजा की!"

तीन वाट्यांत तीन तऱ्हेचे पाणी केले. व्यापारी खुर्च्या सोडून भोवती जमले. डबीने तिन्ही बरोबर सांगितली. त्यानंतर दोनच दिवसांनी उद्योजकाचा दोन ओळींचा निरोप आला की त्याला यात पुढे जाता येणार नाही. नमुना मात्र त्याने प्रामाणिकपणे परत पाठवला, हे नोंदवले पाहिजे. त्याच्या झाकणावरचा श्लोक मी त्याच दिवशी सुनेला पुसावयास लावला.

घरात त्यानंतरचे दिवस जड गेले. सूनबाई माझ्याशी कामापुरते बोलत असे. चहा ठेवी आणि आत जाई. माझ्या ओळखीतल्या काही विद्वानांनीही येऊन कानउघाडणी केली की परक्यांसमोर मी आपल्या परंपरेला कमीपणा आणला. त्यांना मी चहा दिला आणि सांगितले की परंपरा माझीही आहे, तिच्यासाठी मी आयुष्य दिले आहे, आणि तिला उसन्या दाढीची गरज नाही. त्यांपैकी दोघे अजून येत नाहीत. न येवोत. मला पश्चात्ताप झाला नाही. सुनेच्या गप्प राहण्याचे दुःख मात्र झाले, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

मग एके दिवशी जेवणाचे टेबल पुन्हा तारांनी भरले. तिने स्वतःच्या हातांनी चार डब्या केल्या, बोळातल्या चार भट्ट्यांसाठी चार. डबीची आकृती, दिव्यांची मापे, पट्टी वाळवण्याची रीत आणि झालेल्या सगळ्या चुका तिने कोणालाही पाहता येतील अशा खुल्या करून ठेवल्या. चुकांच्या यादीत पहिली पंचामृताची. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "शेकड्यांनी नाही निघणार, अण्णा. पण ज्याला हवी तो करून घेईल. आणि झाकणावर काय लिहायचं ते मी ठरवलंय." झाकणावर कन्नडमध्ये आणि मराठीत लिहिले आहे: पट्टी कोरडी ठेवा. उन्हात ठेवू नका. महिन्यानंतर वापरू नका. मी ते वाचले, आणि म्हणालो की छंद नाही पण अर्थ उत्तम आहे. ती पुष्कळ दिवसांनी हसली.

गेल्या श्रावणात रंगारी आमच्याकडे जेवावयास आला. पत्नीने त्याच्यासाठी वेगळा दहीभात कालवून ठेवला होता. त्याने वाटी बाजूला सारली आणि आमटी मागितली. ती आमच्या बेळगावकडची, तिखट. एक घास, दुसरा घास. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आले. आम्ही सगळे हात थांबवून त्याच्याकडे पाहत होतो.

"अक्का," तो पत्नीला म्हणाला, "मीठ स्वल्प कमी आहे."

पत्नी म्हणाली, "आमटी बरोबर आहे. तुमची जीभच नवीन आहे." आणि त्याच्या वाटीत तिने आणखी एक डाव आमटी वाढली.

वाचकहो, ज्याने तुम्हाला जीभ दिली तो तिला चव देवो आणि खरे बोलण्याचे बळही देवो. तुमच्या घरातल्या कष्टणाऱ्या हातांना त्यांच्या कष्टांचे श्रेय त्यांच्याच नावाने मिळो. तुमच्या सुना-लेकी देवघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून निःशंकपणे तुमची चूक सांगोत, आणि ती ऐकण्याइतके आयुष्य व शांती तुम्हाला लाभो. तुमच्या चुली पेटत्या राहोत, तुमची ताटे भरलेली राहोत, आणि तुमच्या कुटुंबातल्या लहानथोरांवर त्या नारायणाचा प्रकाश अखंड पडत राहो.